पाटीवरच्या नावाआधीची वर्षे : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड (अलिबाग),
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, रायगड,
आणि जिल्ह्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

विषय : दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या जिल्ह्यातील सैनिकांच्या आयुष्याची नोंद गावोगावच्या दप्तरांतून एकत्र करण्याबाबत.

महोदय,

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एक कंपनी जर्मनांच्या एका बळकट मोर्चावर चालून गेली. त्या कंपनीतली एक तुकडी अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली आणि तुकडीतला प्रत्येक जण एक तर मेला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो फक्त तुकडीचा नाईक. बरोबर यायला कोणी उरलेले नाही हे पुरते ठाऊक असताना तो एकटा मशिनगनवर धावला. पहिल्यांदा त्याने हातबाँब टाकून ती तोफ आणि ती चालवणारा माणूस निकामी केला, मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि गोळ्यांची मॅगझिन बदलायला सवड नाही असे दिसताच तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठेचून मारले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याचा प्राण गेला. तो माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेविसावे वर्ष पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

हा वृत्तान्त मी रचलेला नाही. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर करताना नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या सरकारी राजपत्रात जे छापले गेले, त्याचाच हा सारांश आहे. ज्या घटनेला प्रत्यक्षात मोजकी मिनिटे लागली असतील, ती आपल्याला इतकी बारकाईने ठाऊक आहे की कोणता हातबाँब आधी आणि कोणती गोळी नंतर हेही सांगता येते. आणि त्या मिनिटांच्या आधीची बावीस वर्षे? त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्याने एक पानही लिहून ठेवलेले मला कोठल्या सार्वजनिक दप्तरात पाहायला मिळाले नाही. माणगावला त्यांचा पुतळा आहे, त्याला हार घातला जातो, भाषणे होतात. ही सगळी त्यांच्या मृत्यूची आठवण आहे. आयुष्याची आठवण ठेवण्याचे काम अजून सुरूच झालेले नाही आणि ते आपण सुरू करावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

घाडगे यांच्याविषयी निदान मृत्यूचा तपशील तरी आहे, कारण पदक मिळाले. इटलीच्या त्या मोहिमेत हिंदी सैन्याचे चौथे, आठवे आणि दहावे असे तीन डिव्हिजन लढले. पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक त्यांत होते, २३,७२२ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि त्यांपैकी ५,७८२ परत आले नाहीत. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे होते. म्हणजे राजपत्रात वृत्तान्त छापला गेला तो सहा जणांचा, आणि बाकीच्या हजारोंच्या वाट्याला स्मारकाच्या दगडावर एकेक ओळ आली. घाडगे यांचीही कबर कोठे नाही. मोंते कासिनोच्या पायथ्याशी, ज्यांची जागा कळली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. पदकवाल्याची ही स्थिती, तर त्याच्या तुकडीत त्या दिवशी पडलेल्या इतरांची काय असेल याचा विचार आपणच करावा. तेही कोणत्या तरी गावाचे होते, आणि मराठा पलटणीची भरती जेथून होत असे ते कोकण, सातारा, कोल्हापूरचे पट्टे पाहता त्यांतले काही आपल्या शेजारच्याच तालुक्यांतले असण्याचा संभव मोठा आहे.

माहिती नसली की पोकळी राहत नाही, ती भाषणांनी भरली जाते. मी शिक्षक म्हणून अशा कार्यक्रमांना बसलेलो आहे आणि स्वतः बोललोही आहे, म्हणून सांगतो की आपल्याकडे प्रत्येक हुतात्मा सैनिकाचे बालपण एकच असते. तो लहानपणापासून धाडसी असतो, त्याला देशसेवेची ओढ असते, आईचा आशीर्वाद घेऊन तो हसत हसत निघतो. १९१६ साली मेसोपोटेमियात गेलेला असो, १९४४ साली इटलीत पडलेला असो की १९९९ साली कारगिलला, मजकूर तोच राहतो आणि नाव तेवढे बदलते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण ज्याचे बालपण दुसऱ्या कोणाच्याही बालपणाशी अदलाबदल करता येते, त्याला आपण ओळखत नाही. आणि माणूस म्हणून त्याची ओळखच नसेल, तर गेले काय याचाही अंदाज येत नाही.

वास्तविक त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या मुलाचे आयुष्य कसे असेल, हे समजून घ्यायला पुष्कळ साधने आहेत. १९२१ ते १९४० या काळात हा जिल्हा निवांत झोपलेला नव्हता. भाताचे एक पीक, त्यातला मोठा हिस्सा खोताच्या कणगीत, आणि उरलेल्यावर वर्ष काढायचे, ही बहुतेक कुळांची गोष्ट होती. घाडगे पाच वर्षांचे असताना, २० मार्च १९२७ रोजी, शेजारच्या महाड तालुक्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. घाडगे बारा वर्षांचे झाले त्या सुमारास अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने जमिनी कसायचे नाकारले आणि तो संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. जानेवारी १९३८ मध्ये खोती रद्द करा म्हणत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. एका खेड्यातला मुलगा हे सगळे ऐकत, पाहत किंवा निदान त्याच्या सावलीत वाढतो, आणि सतरा-अठरा वर्षांचा झाला की त्याच्यापुढे जे दोन-तीन रस्ते असतात त्यांतला एक धरतो. एक रस्ता मुंबईच्या गिरणीचा किंवा गोदीचा होता, एक घरच्याच शेतीवर दिवस काढण्याचा आणि एक पलटणीचा.

पलटणीत शिपायाला महिन्याला सोळा-अठरा रुपये मूळ पगार होता, वर जेवण आणि कपडे. पगाराचा ठरावीक भाग परस्पर घरी पाठवण्याची सोय होती. ज्या घरात वर्षातून एकदाच, तेही भात विकले तर, रोख पैसा दिसत असे, त्या घरी दर महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या पैशातून खोताचे देणे फिटत असे, बहिणीचे लग्न निघत असे, घरावर कौले चढत असत. मुलगा भरती झाला तो पोटासाठी, असे म्हटले की काही जणांना राग येतो. जणू त्यामुळे मशिनगनवर एकट्याने धावण्याची किंमत कमी होते. मला तर उलटे वाटते. घरची गरज डोक्यावर घेऊन गेलेला, लष्करात रोमन लिपीतली उर्दू शिकलेला, तेवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच नाईक होऊन आठ-दहा माणसांची जबाबदारी सांभाळणारा मुलगा समजून घेणे हे पुतळ्यापेक्षा अवघड आहे, आणि अधिक खरेही. दस्त्याने शत्रूला ठेचणारा हात त्याआधी कित्येक पावसाळे चिखलात भाताची लावणी करत असणार. तो मेला त्या जुलैच्या आठवड्यात माणगावच्या शिवारात लावणीच चालली असेल, आणि गावात बातमी पोचायला मध्ये कितीतरी दिवस गेले असतील.

हे आयुष्य आपण विसरलो त्याला कारणही आहे, आणि त्याबद्दल आडपडदा ठेवण्याची गरज नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानातल्या कोणालाही न विचारता हा देश युद्धात ओढला, त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि १९४२ मध्ये 'चले जाव' झाले. याच जिल्ह्यातल्या माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यानंतर दीड वर्षाने त्याच जिल्ह्याचा यशवंत घाडगे त्याच सरकारच्या गणवेशात इटलीत पडला. स्वातंत्र्यानंतर पहिल्याची आठवण ठेवणे सोपे होते. दुसऱ्याला कोठे बसवावे हे आपल्याला कळेना. इंग्रजांचा सैनिक म्हणावे तर तो आपल्याच घरचा, आणि देशासाठी लढला म्हणावे तर देश तेव्हा पारतंत्र्यात. मग पदकाचा अभिमान ठेवला आणि बाकीचा विषय मिटवून टाकला. वास्तविक ही दोन्ही मरणे एकाच जिल्ह्याच्या एकाच पिढीची आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या दशकात आपल्या गावांवर काय गुदरले ते समजणारच नाही. कोणाचे बलिदान मोठे याचा निवाडा मी मागत नाही. नोंद ठेवण्यासाठी त्याची आवश्यकताही नाही.

आता २०२३ सालाकडे यावे, कारण त्या एका वर्षात या विषयाला लागून तीन गोष्टी घडल्या. जुलैमध्ये इटलीच्या पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या डोंगरावरच्या लहान गावाने, तिथल्या नगरपालिकेने आणि लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून, यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे केले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ज्या गावाशी या माणसाचा संबंध केवळ तिथल्या परिसरात मरण्यापुरता आला, त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी हे केले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, 'मेरी माटी, मेरा देश' अभियानात आपल्याकडे गावोगाव शिलाफलक बसले आणि त्यांवर गावातल्या वीरांची नावे घालायची होती. काही गावांनी मेहनत घेऊन जुनी नावे शोधली, काहींनी आठवतील ती घातली. पण बहुतेक ठिकाणी यादी जमवायला मिळालेला अवधी इतका थोडा होता की १९४४ साली मेलेल्या माणसापर्यंत पोचणे ग्रामसेवकाला शक्यच नव्हते. फलकावर नावासाठी जागा होती, माणसासाठी नव्हती.

तिसरी गोष्ट या पत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरातली जुनी दप्तरे उघडली. तहसीलच्या अभिलेख कक्षांतले कागद बांधलेले रुमाल सुटले, शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणून बसवले, पाने स्कॅन झाली आणि लाखो नोंदी सापडल्या. त्यामागच्या आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. माझा मुद्दा इतकाच की, शासनाने मनावर घेतले तर शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या एका मुलाचे नाव काही महिन्यांत सापडू शकते, हे आता सिद्ध झालेले आहे. मनुष्यबळ नाही, मोडी वाचता येत नाही, कागद जीर्ण आहेत, ही तिन्ही उत्तरे त्या कामानंतर देता येणार नाहीत.

मी मागतो आहे ते काम त्याच्या तुलनेत फार लहान आहे. सुरुवातीची यादी तयारच आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदवहीत दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नावे आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नोंदीत क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख यांबरोबर वडिलांचे नाव, विवाहित असल्यास पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. अडचण आहे ती इंग्रज कारकुनांनी लिहिलेल्या गावांच्या नावांची. आमडोशी, वडघर, निजामपूर ही नावे रोमनमध्ये कशी होऊन बसतात ते पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. पण आपल्या तलाठ्याला किंवा गावच्या एखाद्या जाणत्या माणसाला ती यादी वाचून दाखवली तर दहांतली आठ गावे जागच्या जागी ओळखू येतील. कुलाबा जिल्ह्याची यादी तालुकावार वेगळी करून देवनागरीत उतरवणे, ही पहिली पायरी.

दुसरी पायरी गावच्या दप्तरात आहे, आणि येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे जी तलाठी कार्यालयाबाहेर फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची नोंद गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात, होत असे. सैनिक मेला परदेशात, त्यामुळे तेथे त्याचा जन्म सापडेल, मृत्यू सापडेलच असे नाही. मृत्यूचा माग लागतो तो फेरफार आणि वारस नोंदीत, कारण खातेदार मेला की वारस लावावे लागतात. परंतु बावीस वर्षांच्या मुलाचा बाप हयात असेल, तर मुलाच्या नावाने खातेच नसते. म्हणून वारस नोंदही होत नाही. म्हणजे असा मुलगा महसुली दप्तराच्या दृष्टीने जन्मला आणि मग कधी मेलाच नाही. त्यात तो कुळाच्या घरचा असेल तर जमीनही कागदोपत्री खोताची. तेव्हा एका कागदावर अवलंबून चालणार नाही; कोतवाल बुक, वारस नोंदवही आणि शाळेचे जनरल रजिस्टर अशी तिन्ही साधने समोर ठेवूनच माणूस उभा राहील.

जनरल रजिस्टराबद्दल जरा अधिक लिहितो, कारण आयुष्यभर तेच हाताळले. लांबरुंद, कापडी बांधणीचे, आडवे उघडणारे ते पुस्तक असते. एका मुलासाठी एक आडवी ओळ : अनुक्रमांक, मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा. जन्मतारखेवर फार विसंबू नये. आमच्या शिक्षकबांधवांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जून रोजी जन्माला घातले आहे, आणि भरतीच्या वेळी सांगितलेले वय हा तर वेगळाच विषय. खरे वाचावे ते 'शाळा सोडण्याचे कारण'. तेथे मास्तरांनी एक-दोन शब्दच लिहिलेले असतात, 'घरकामास्तव', 'सतत गैरहजर', 'मुंबईस गेला', 'वडील वारले', पण त्या शब्दांनी एका मुलाच्या आयुष्याला कोठे वळण लागले ते कळते. चौथीत 'घरकामास्तव' नाव कमी झालेला मुलगा पुढे आठ-दहा वर्षांनी बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये कवायत करताना आपल्याला भेटतो, तेव्हा मधली वर्षे त्याने कोणाच्या गुरांमागे काढली असतील याचा विचार करता येतो. भाषणातल्या धाडसी बालपणापेक्षा हा एक शेरा मला अधिक मोलाचा वाटतो.

तिसरी पायरी आपल्याच कार्यालयात आहे. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना शासन मासिक अनुदान देत आले आहे, त्यामुळे त्यांच्या याद्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आहेत. जे परत आले त्यांच्या घरांतूनच जे परत आले नाहीत त्यांची माहिती मिळते. एकाच गावचे दोघे-तिघे बरोबर भरती होत आणि बरोबरच बोटीवर चढत. ते सैनिक आता जवळजवळ राहिलेले नाहीत. राहिलेत ते ऐंशी ओलांडलेले पुतणे, भाचे, ज्यांनी घरात आजीला किंवा काकूला कधी काळी बोलताना ऐकले. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे आणि अभिलेख कार्यालयाकडे सामान्य माणसाने पत्र पाठवणे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने जिल्ह्याची यादी जाणे, यांत किती फरक आहे हे मी आपल्याला सांगायला नको.

यात एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी अशी विनंती आहे. गावचा सैनिक म्हटले की एकाच समाजाचे नाव पुढे करण्याची सवय आपल्याला लागली आहे. दक्षिण कोकणाचा आणि महाडचा लष्कराशी संबंध फार जुना आहे, आणि त्यात महार सैनिकांचा वाटा मोठा होता. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते आणि बाबासाहेबांचे वडील सुभेदार. इंग्रजांनी मधल्या काळात महारांची भरती बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली, आणि अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. या पलटणींतले, शिवाय पायोनिअर, वाहतूक, रुग्णसेवा, नौदल अशा खात्यांतले जे गेले त्यांच्या मरणाला बहुधा पदक मिळाले नाही, कारण पदक मिळेल अशा जागी त्यांना उभेच केले नव्हते. गावकुसाबाहेरच्या घरातला ड्रायव्हर किंवा स्वयंपाकीही यादीत त्याच क्रमाने, त्याच अक्षरांत आला पाहिजे. कोळीवाड्यातला खलाशीही.

खर्चाचे म्हणाल तर नवा चौथरा, नवी कमान, नवा पुतळा यांपैकी काहीही मी मागत नाही. तालुक्याला एक जाणकार कर्मचारी, मोडी वाचणारा एक माणूस, शाळांतून इतिहासाचे दोन शिक्षक आणि एक वर्ष, एवढ्यात हे होण्यासारखे आहे. प्रत्येक सैनिकामागे दोन पानांची टिपणी व्हावी : कोणाचा मुलगा, कितवा, घरची जमीन स्वतःची की कुळाची, शाळा कितवीपर्यंत, भरती कधी आणि कोठे, कोणकोणत्या देशांत गेला, कसा मेला, नाव कोठल्या दगडावर आहे, आणि त्यानंतर घराचे काय झाले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा मानावा. पहिली टिपणी यशवंत घाडगे यांची करावी, म्हणजे ज्याच्या मृत्यूविषयी इतके लिहिलेले आहे त्याचे आयुष्य आधी कागदावर येईल आणि कामाचा नमुनाही ठरेल. या टिपण्या त्या त्या गावच्या प्राथमिक शाळेत, मराठीत, छापील स्वरूपात असाव्यात. तालुक्याच्या कपाटात किंवा जिल्ह्याच्या संगणकात गेल्या की त्या पुन्हा दप्तरच होतील.

घाई का, असे आपण विचाराल. कोकणातल्या पावसाळ्यात कागदाला कसर लागते, वाळवी लागते, आणि कधी सगळेच एका रात्रीत जाते. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले तेव्हा ट्रंकांमधले कागद, फोटो, पदकांच्या पेट्या किती घरांतून चिखल होऊन बाहेर टाकल्या गेल्या, ते आपल्या यंत्रणेनेच उपसले आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात आणि नव्या प्लॉटिंगमध्ये जुनी घरे पडत आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या भंगारवाल्याकडे जात आहेत.

शेवटी घरच्यांच्या संमतीविषयी. सैनिक गेल्यावर अठरा-वीस वर्षांच्या विधवेचे काय झाले, या प्रश्नाची उत्तरे नेहमी सांगण्यासारखी नसतात. काहींनी पाट लावला आणि पेन्शन थांबली, काहींची पेन्शन दुसऱ्याच कोणी खाल्ली, काही माहेरी गेल्या आणि त्यांची नावे सासरच्या वंशावळीतून निघून गेली, काही घरांत त्या पैशावरून भावाभावांत वाद लागले ते आजही मिटलेले नाहीत. ही माहिती जमवताना ती विचारावी जरूर, पण छापण्याआधी टिपणी घरच्यांना वाचून दाखवावी आणि जे वगळा म्हणतील ते वगळावे. सैनिकाच्या नावाखाली त्याच्या पत्नीची अब्रू चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र तिचे नाव टिपणीत असावे, ती कोणत्या गावची लेक होती हेही असावे, आणि जेथे ती माहेरी परतली तेथल्या शाळेतही त्या टिपणीची एक प्रत जावी.

येत्या ध्वजदिनापूर्वी, म्हणजे ७ डिसेंबरपूर्वी, निदान तालुकावार याद्या जाहीर व्हाव्यात अशी अपेक्षा आहे. माणगाव आणि महाड तालुक्यांतल्या शाळांची जुनी रजिस्टरे वाचण्याचे काम काही निवृत्त शिक्षक विनामोबदला करायला तयार आहेत. आपल्याकडून हवी आहे ती दप्तर पाहण्याची लेखी परवानगी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
रायगड जिल्हा